मदत हवी आहे: कॉम्प्युटरात काय-काय टाकलेलं आहे त्याची यादी काढणारं फुकटचं टूल सांगा

केंद्रवाला_घाटंजी
सेंटरवरच्या मशीनांत आधीच्या पोरांनी काय-काय टाकून ठेवलं, पत्ता नाही. फॉरमॅट मारायचं आहे, त्याआधी यादी पाहिजे: नाव, व्हर्जन, कधी टाकलं. कंट्रोल पॅनलमधून एकेक लिहून घ्यायला वेळ नाही, पीक विम्याची गर्दी सुरू आहे. लवकर सांगा.

वऱ्हाडी_भाऊ
विंडोज कोणती? मशीन किती? नेट आहे का?

केंद्रवाला_घाटंजी
नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, तेही लाइन असली तर. मशीन चार.

वऱ्हाडी_भाऊ
विंडोज राहिलीच ना जी.

लॅबवाले_गुरुजी
विंगेट वापरा. मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'विंगेट लिस्ट' दिलं की सगळी यादी समोर. एक्सपोर्ट करून फाइल ठेवा, फॉरमॅटनंतर तीच इम्पोर्ट करा, सॉफ्टवेअर आपोआप परत बसतात. शाळेच्या लॅबात मी हेच करतो.

सातपुडा
विंडोजचा नादच सोडा, लिनक्स टाका. एका कमांडीत यादी येते, व्हायरसची कटकट नाही.

केंद्रवाला_घाटंजी
अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लिनक्सवर कोण चालवून देणार, भाऊ? लोक दारात उभे आहेत. दोन मशीनवर 7 आहे, दोनवर 10.

वऱ्हाडी_भाऊ
हे आधी सांगायला पाहिजे होतं. 7 वर विंगेट चालत नाही. गुरुजी, इम्पोर्ट करताना सगळं नेटवरून नव्यानं उतरतं, हॉटस्पॉटवर दिवस जाईल. आणि जे विंगेटच्या भांडारात नाही ते परत येतच नाही.

निरसॉफ्टचं अनइन्स्टॉलव्ह्यू घ्या. छोटी झिप आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, पेनड्राइव्हवरून 7 आणि 10 दोन्हीवर चालतं. उघडा, कंट्रोल-ए, कंट्रोल-एस, सीएसव्ही म्हणून सेव्ह करा. एक्सेलमध्ये नाव, व्हर्जन, कंपनी, तारीख, फोल्डर सगळं दिसतं.

निळा_पडदा
एवढी उठाठेव कशाला? सीक्लीनरमध्येही यादी टेक्स्ट फाइलमध्ये निघते. वर सफाई पण होते.

लॅबवाले_गुरुजी
2017 मध्ये त्याच सीक्लीनरच्या 5.33 व्हर्जनमध्ये मालवेअर घुसवलेलं सापडलं होतं. लोकांच्या आधारची कामं होतात त्या मशीनवर मी तरी टाकणार नाही.

निळा_पडदा
ते तेव्हाच दुरुस्त झालं, गुरुजी. किती वर्षं तेच धरून बसायचं?

कापूसपट्टा
फाइली लवकर सापडत नसतील तर एव्हरीथिंग टाका. नाव टाइप करता-करता फाइल समोर येते. आणि एसएसडी बसवून घ्या, मशीन पळायला लागते.

वऱ्हाडी_भाऊ
फाइली शोधायचं त्यानं विचारलंच नाही.

केंद्रवाले, एक महत्त्वाचं. ही टूलं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, नोंद आहे तेवढंच दाखवतात. इन्स्टॉल न करता नुसत्या फोल्डरातून चालणारे प्रोग्राम यादीत येत नाहीत. फॉन्टही येत नाहीत! कृतिदेव, श्रीलिपीत टाइप केलेले जुने अर्ज असतील तर विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर फॉरमॅटनंतर सगळी अक्षरं गिचमिड दिसतील. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, त्याची आरडी सर्व्हिस (आधारसाठी अंगठा घेताना लागणारं सॉफ्टवेअर) आणि टोकनचा सेटअप अगोदरच उतरवून ठेवा. सहीच्या टोकनचा पासवर्ड कागदावर आहे ना, तेही बघा. आणि 7 ठेवू नका, त्याचे नेहमीचे अपडेट जानेवारी 2020 मध्येच बंद झाले. 10 चा नेहमीचा सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

केंद्रवाला_घाटंजी
एका मशीनची यादी निघाली, झकास. काही नावांपुढे तारीख रिकामी आहे, असं काहून?

वऱ्हाडी_भाऊ
सॉफ्टवेअरवाल्यानं ती नोंद केली नसली की रिकामी राहते. फोल्डर कधी बनलं ते बघा, अंदाज येतो.

कापूसपट्टा
विम्याची साइट चालू आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे सकाळपासून नुसतं गोल फिरून राहिलं.