संध्याकाळी सात वाजले की बाळ रडायला सुरू, काय करायचं?

शिवाजीपेठेतली_लेक
पहिलंच बाळ आहे, मुलगी, उद्या पाच आठवड्यांची होईल. मी माहेरी आहे, कोल्हापुरात. दिवसभर एकदम गुणी, पण तिन्हीसांजा झाल्या की जे सुरू होतं ते दहा-साडेदहापर्यंत, तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी. पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला तरी तेच. आई म्हणते पोट दुखतंय, गुटी दे. आजी म्हणते दृष्ट लागलीय, रोज मीठ-मोहरी ओवाळून टाकते. शेजारच्या काकूंचं म्हणणं मी परवा पांढऱ्या रश्शाचे दोन घोट घेतले म्हणून (दोनच ओ!). काल तिच्याबरोबर मीपण रडत बसले. कुणाला असा अनुभव आहे का?

दोन_पोरांची_आई
अगं घाबरू नकोस, माझ्या थोरल्याचं डिट्टो हेच. मी पण राजारामपुरीत रात्री आठला बाळ घेऊन जिन्यात येरझाऱ्या घालायचो, वरच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून बघायच्या की हिला घरातनं काढली की काय. एक करून बघ, बाळाला तुझ्या हातावर पालथं घे, डोकं कोपराच्या खोबणीत गालावर टेकलेलं, पोट तुझ्या हातावर, आणि तुझा पंजा तिच्या मांड्यांमध्ये घट्ट. दुसऱ्या हातानं पाठीवर थोपटत हळू चालायचं. पण झोपलं की खाली उताणंच ठेवायचं हं, पालथं नाही.
आणि दुसरं म्हणजे आवाज. आमच्याकडे सासूबाई कांदा-लसूण चटणी मिक्सरला लावत होत्या आणि हे कार्टं गप्प! मिक्सर बंद, भोकाड सुरू. परत चालू, परत गप्प. चटणीचं पार पीठ झालं. मग नवऱ्यानं स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावून दिला आणि आम्ही शेजारच्या खोलीत बसायला लागलो. घरघर लांबून यायला पाहिजे, कानाशी नको.

पेठेतली_आजी
आम्ही पाच पोरं वाढवली, सगळ्यांना गुटी दिली. वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, मुरुडशेंग, सहाणेवर एकेक वळसा आणि वर मधाचं बोट. कुणाला काय झालं नाही. आजकालच्या पोरींना सगळ्याची भीती. ओव्याची धुरी पण द्या.

वॉर्डात_ड्युटी
आजी, रागावू नका, तुमचा अनुभव मोठा आहे पण मी लहान बाळांच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून सांगते. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नको, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो, क्वचित होतो पण झाला तर वाईट. सहा महिने अंगावरचं दूध सोडून पाणीसुद्धा लागत नाही. गुटीत कशाचं किती उतरतं ते कळत नाही, आणि सहाण, पाणी, हात यातनं जुलाब लागतात. धुरीनं तर इवल्या छातीला त्रासच.
ताई, या रडण्याला कॉलिक म्हणतात. १९५४ साली वेसेल नावाच्या डॉक्टरांनी तीनाचा हिशोब मांडला होता, दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस, तीन आठवडे. साधारण सहाव्या आठवड्याला कळस होतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. म्हणजे अजून थोडं वाढेल, तयारी ठेवा. नक्की कारण कुणालाच सापडलेलं नाही, त्यामुळे रश्शाला फाशी देऊ नका.
पण एकदा डॉक्टरांना दाखवून वजन बघून घ्या. आणि १००.४ किंवा त्यावर ताप, हिरवी उलटी, शीमधून रक्त, दूध ओढत नाही, किंवा बाळ मलूल पडलंय, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. तुमचाच तोल जायला लागला तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन या. रडून काही होत नाही, पण रागात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो.

रात्रपाळीचा_बाबा
आमच्या पोराला झोपायला कार लागायची. मी शिरोली एमआयडीसीतनं दमून यायचो आणि परत बायको-पोराला घेऊन रंकाळ्याला फेरी. गाडी चालू तोवर साहेब गाढ, स्पीडब्रेकर आला की डोळे टक्क. पेट्रोलचा खर्च विचारू नका. बाकी भावोजींना पण कामाला लावा, सगळं बायकांनीच का करायचं.

शिवाजीपेठेतली_लेक
सगळ्यांना लै थँक्यू. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो, वजन छान वाढलंय, सू पण भरपूर, बाकी सगळं नॉर्मल. नर्सताईंचं लिहिलेलं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, ती मधापाशी जरा गप्प झाली. संध्याकाळी ते हातावर पालथं घ्यायचं मला जमंना, मनगट दुखतंय, पण आजोबांना बरोबर जमलं, बिड्या वळून वळून हात तयार आहेत म्हणतात. एक्झॉस्ट फॅन लावून तासाभरात झोपली, नंतर परत उठली म्हणा. आजीची मीठ-मोहरी चालूच आहे, तिला म्हटलं तुझं तू ओवाळ. गुटीची डबी फळीवर गेलीय आणि आज सकाळी आजी सहाणेवर देवाचं चंदन उगाळत बसली होती.