मोठे टायर टाकताना रिम किती बाहेर काढावी? ऑफसेट आणि बॅकस्पेसिंगचा हिशोब

जांभ्याची_वाट :
मंडळी, चिपळूणला एका दुकानात मारुतीच्या जिम्नी जीपला मूळच्या 195/80 R15 ऐवजी 235/75 R15 टायर (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा रिमचा व्यास इंचांत) टाकायचा विषय काढला, तर दुकानदाराने थेट 8 इंची, उणे 19 ऑफसेटची रिम पुढे केली. कारण एकच दिलं, "चाक बाहेर येईल, आत घासणार नाही." यातला दुसरा भाग चुकीचा आहे. या सल्ल्यावर इकडे बरेच पैसे जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला (अॅक्सलच्या टोकाला, जिथे चाक बोल्टने आवळतात) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. तो पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर अधिक, आतल्या बाजूला असेल तर उणे. रिमवर 'ईटी' अक्षरांपुढे हा आकडा असतो. बॅकस्पेसिंग म्हणजे त्याच पृष्ठभागापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर, आणि ते इंचांत सांगतात. रिमची रुंदी टायर बसतो त्या दोन जागांमधली धरतात, त्यामुळे कडेपासून कडेपर्यंत ती साधारण एक इंच जास्त भरते. हा इंच विसरला की सगळा हिशोब बिघडतो.

जिम्नीची मूळ रिम साडेपाच इंची, ईटी अधिक 5. तो एक इंच धरून साडेसहा, साडेसहाचा अर्धा सव्वातीन, त्यात 5 मिमी म्हणजे 0.2 इंच. बॅकस्पेसिंग झालं 3.45 इंच. आता दुकानदाराची रिम घ्या. आठ अधिक एक नऊ, नऊचा अर्धा साडेचार, वजा 19 मिमी म्हणजे पाऊण इंच, राहिले 3.75. उणे ऑफसेट असूनही रिमची आतली कड मूळपेक्षा सुमारे 8 मिमी आतच गेली, आणि बाहेर मात्र ती 56 मिमी आली! शिवाय रिम अर्धा इंच रुंद झाली की टायरही साधारण 5 मिमी पसरतो, तो वेगळाच.

माझं म्हणणं असं की आत जेवढी जागा खरोखर लागते तेवढीच रिम बाहेर काढावी. दिसण्यासाठी एक मिलिमीटरही नको.

घाटमाथा_ते_बंदर :
गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. 8 इंची रिम सोडून द्या, पण 235 चा टायर मूळ रिमवर बसवता येत नाही. त्याला किमान 6 इंची रिम लागते. म्हणजे रिम बदलणं आलंच. मग 7 इंची, उणे 10 का नको?

त्यात मध्यरेषा 15 मिमी बाहेर येते. टायर 195 चा 235 म्हणजे 40 मिमी रुंद झाला, दोन्ही अंगांना 20. आत फक्त 5 मिमी वाढले. तुमच्या पद्धतीने मूळ ऑफसेट ठेवला तर पूर्ण 20 मिमी आत जातील आणि फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण तोडल्यावर, टायर पुढच्या अॅक्सलच्या आर्मला (अॅक्सल चॅसीला जोडणाऱ्या दांड्याला) लागेल. कुंभार्ली किंवा आंबोलीच्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण तोडायची वेळ आली की कळतं. शिवाय दोन चाकांतलं अंतर एकूण 30 मिमी वाढतं. उंच आणि अरुंद गाडीला सड्यावरच्या तिरक्या वाटेवर त्याचा आधार होतो.

आणि मोठ्या टायरने अॅक्सल वर जातो, त्यामुळे स्क्रब रेडियस बदलतो. तो भरून काढायला थोडा उणे ऑफसेट लागतोच.

जांभ्याची_वाट :
स्क्रबचा मुद्दा काढलात ते बरं झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाडीचं पुढचं चाक ज्या कलत्या रेषेभोवती वळतं, ती रेषा जमिनीला भिडते तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. 195/80 R15 चा व्यास 693 मिमी, 235/75 R15 चा 733. अॅक्सल 20 मिमी वर गेला. कल 10 अंश धरला तर ती रेषा जमिनीवर साडेतीन मिलिमीटर बाहेर सरकते. भरून काढायचे साडेतीन आणि तुम्ही काढताय पंधरा. उरलेले साडेअकरा मिमी स्टिअरिंगला झटके देतात आणि हबच्या बेअरिंगवर भार टाकतात. खड्ड्यात चाक आपटल्यावर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, ते यामुळेच.

आर्मला लागण्याचं म्हणणं मान्य. पण चाक बाहेर काढलं की वळताना ते मोठ्या वर्तुळात फिरतं. आर्म सुटतो आणि बंपरच्या मागची कड किंवा मडगार्डचं अस्तर घासतं. घासणं थांबलं नाही, जागा बदलली.

माडाखाली :
माका ह्या आकड्यांतला जास्त समजना नाय, पण आमच्या बागेची वाट दोन गडग्यांमधून जाता. टायर भायर इलो की पयलो तोच गडग्याक घासता. जांभो टायरच्या कुशीक लागलो की चीर पडता, आणि कुशीतली चीर कोणी जोडून देणा नाय. पावसात चिखल दारार आणि आरशार उडता तो वेगळोच.

हर्णैचा_वारा :
माडाखाली यांचा मुद्दा इथे सगळ्यात मोलाचा आहे. मी तर म्हणेन 235 चा हट्टच सोडा. 215/75 R15 मूळ साडेपाच इंची रिमवर बसतो, ऑफसेटचा प्रश्नच उरत नाही. उंची मात्र फक्त पाच मिलिमीटर वाढते, हे खरं. पण बागेच्या वाटेला, ओढ्याला आणि घाटाला टायरची नक्षी जास्त उपयोगी पडते.

आणि कोणी स्पेसरने (चाक बाहेर काढायला हब आणि रिमच्या मध्ये घालायच्या जाड चकतीने) काम भागवायला सांगितलं तर आधी तो हबच्या मध्यावर घट्ट बसणारा आहे का ते बघा. आमच्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमचा स्पेसर आणि लोखंडी हब एकमेकांना धरून बसतात. काढायला हातोडा लागतो. दर पावसाळ्याआधी काढून, घासून, पुन्हा योग्य टॉर्कला आवळणार नसाल तर लावू नका.

आरटीओ_वाचक :
एक गोष्ट सुटली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरून ठेवलं. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर दुरूनही दिसतो. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूसही तिथेच आधी बघतो. त्या 15 मिमीसाठी ही जोखीम घ्यावी का?

घाटमाथा_ते_बंदर :
कायद्याचं ऐकतो. पण 215 चा टायर टाकून ऑफरोडचं समाधान मानायचं, हे मला जमणार नाही. खोल चाकोरीत डिफरन्शियल (अॅक्सलवरचा गिअरचा गोळा) टेकतो तेव्हा ते 20 मिमीच कामी येतात. 8 इंची रिम मीही कोणाला सुचवणार नाही. 7 इंची, उणे 10 वर मात्र ठाम आहे, आणि माझ्या मते बेअरिंगची भीती तुम्ही वाढवून सांगताय.

जांभ्याची_वाट :
मग घेण्याआधी एवढं करा. टायर न चढवलेली रिम पालथी ठेवा, पाठीवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हब टेकतो त्या जागेपर्यंत मोजा. हे झालं बॅकस्पेसिंग, वरच्या हिशोबाने ते छापलेल्या ईटीशी पडताळा. मग एकच चाक नव्या रिम-टायरसह लावून गाडीचं ते पुढचं चाक बांधावर चढवा, म्हणजे स्प्रिंग दबेल. तशीच ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण तोडा आणि आर्म, बंपर, अस्तर तिन्हीकडे बोट जातं का बघा. सपाट फरशीवर दुकानात बघितलेलं काही खरं नाही. मडगार्डच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडलात तर टायर किती बाहेर आहे तेही दिसेल.

साडेसहा इंची, उणे 5 ची रिम मिळाली तर तीही लावून बघा. तिथे टायर आत 10 मिमी वाढतो, बाहेर 30. ते 10 मिमी तुमच्या आर्मला चालले, तर उणे 10 घ्यायचं कारण काय ते मला सांगा.