शेफील्डमधील एक मोकळा दिवस

ए-५०२ : सर्वांना नमस्कार. लेकीच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही पुढच्या महिन्यात इंग्लंडमधील शेफील्डला जात आहोत. समारंभ सोडल्यास एकच दिवस मोकळा मिळतो. केलम आयलंड येथील उद्योग संग्रहालय पाहावे, असे लेकीने सुचवले आहे. परंतु सोबत सासूबाई आणि १२ वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे पूर्ण दिवस यंत्रे पाहण्यात घालवावा का, हे ठरत नाही. बी-१०३ मधील काका तिथे जाऊन आले आहेत, त्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

बी-१०३ : वहिनी, अवश्य जा. भोसरीत ३५ वर्षे टूलरूममध्ये काढलेल्या माणसाचे मत थोडे पक्षपाती असणार, पण ते मनापासून देतो.

तिथे सर्वप्रथम रिव्हर डॉन नावाचे वाफेचे इंजिन पाहा. शेफील्डच्याच डेव्ही ब्रदर्स यांनी ते १९०५ मध्ये बांधले. त्याला तीन सिलिंडर असून ताकद १२,००० अश्वशक्तीची आहे. युद्धनौकांच्या चिलखतासाठी लागणारे पोलादाचे जाड पत्रे लाटण्याचे काम ते करत असे. लालबुंद लादी रोलरमधून पलीकडे गेली की थंड होण्याआधी तिला परत अलीकडे आणावे लागते, म्हणून एवढे अजस्र धूड जेमतेम दोन सेकंदांत उलट दिशेने फिरू शकेल असे घडवलेले आहे. १९७८ पर्यंत ते कारखान्यात राबत होते आणि आजही वाफेवर चालवून दाखवतात, मात्र ठरावीक वेळीच. तेव्हा निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या वेळा नक्की विचारून घ्या. ते दिशा बदलते तेव्हा पायाखालची जमीन हादरते, आणि तो क्षण तुमचा मुलगा विसरणार नाही.

आवारात लोखंडाचे पोलाद करणारी, बेसेमर पद्धतीची अंड्याच्या आकाराची भट्टी उभी आहे. तीही मुलाला दाखवा. वितळलेल्या लोखंडातून खालून हवा फुंकली की त्यातील कार्बन जळून जातो आणि त्या जळण्याचीच उष्णता धातूला पातळ ठेवते, वेगळे इंधन लागत नाही. हेन्री बेसेमर यांनी ही रीत १८५६ मध्ये जाहीर केली. इथली भट्टी वर्किंग्टनच्या कारखान्यात १९७० च्या दशकापर्यंत वापरात होती, आणि जगात अशा मोजक्याच उरल्या आहेत.

पहिल्या भेटीत मी एवढेच पाहून परतलो, आणि ती माझी चूक झाली. खरे शेफील्ड आतल्या लहान कार्यशाळांत आहे. तिथल्या बोलीत ‘लिटल मेस्टर’ म्हणजे छोटा उस्ताद: एखादी खोली भाड्याने घेऊन, एक-दोन शिकाऊ पोरांना हाताशी धरून, कोणी फक्त पाती घडवणार, कोणी फक्त धार लावणार, कोणी फक्त मुठी बसवणार. एक चाकू पुरा होईपर्यंत गल्लीतल्या अनेक हातांतून फिरत असे. आपल्या भोसरीत एका शेडमध्ये टर्निंग आणि शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडिंग चालते, तोच हा प्रकार. म्हणून मला तिथे परके वाटले नाही.

सी-२०४ : काका, माझे वडील एका कारखान्यात ग्राइंडिंगवर होते आणि त्यांची शेवटची वर्षे दम्यात गेली. त्या धार लावणाऱ्यांचे काय होत असे?

बी-१०३ : ताई, फार वाईट होत असे. वालुकाश्माच्या चाकापुढे वाकून दिवसभर बसायचे आणि दगडाची बारीक धूळ छातीत जायची. जेवणाचे काटे तर पाण्याशिवाय कोरडेच घासत, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात काट्यांवर काम करणारे बहुतेक कारागीर चाळिशीही पाहत नसत. धूळ ओढून घेणारा पंखा त्या शतकाच्या पूर्वार्धातच माहीत होता, तरी तो सर्वत्र बसायला अनेक दशके गेली. यासाठीच मी ए-५०२ च्या वहिनींना सुचवेन की शक्य झाल्यास त्याच शहरातील ॲबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेटही पाहावे. तिथे पाणचक्कीवर चालणारी धारेची कार्यशाळा आणि मुशीत पोलाद वितळवण्याची जुनी भट्टी जागेवर आहे. मुशींची माती माणसे अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत, आणि धगधगती मूस भट्टीतून वर ओढणारा कामगार अंगाला ओली पोती गुंडाळत असे. त्या भट्टीसमोर उभे राहिल्यावर वडिलांच्या पिढीने काय सोसले, हे न बोलता कळते.

ए-५०२ : काका, मनापासून आभार. सासूबाईंना चालणे कितपत जमेल?

बी-१०३ : संग्रहालय सपाट जागेवर आहे, त्यामुळे फार त्रास होऊ नये. केलम आयलंड हे मुळात मानवनिर्मित बेट आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास डॉन नदीचे पाणी चक्कीकडे वळवण्यासाठी पाट खोदला, त्यातून ते तयार झाले. याच नदीच्या काठाने ११ मार्च १८६४ च्या रात्री डेल डाइक धरणाचा लोंढा आला. नवे मातीचे धरण पहिल्यांदाच भरत असताना फुटले आणि किमान २४० माणसे गेली. २००७ च्या पुरात संग्रहालयातही पाणी शिरले होते.

ए-५०२ : तुमचा निरोप मी सासूबाईंना वाचून दाखवला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि त्यांचे नदीकाठचे घर पाण्यात गेले होते. तेही मातीचे धरण होते आणि तेही पहिल्याच वर्षी भरत होते, एवढेच त्या म्हणाल्या. आता सकाळी इंजिन, त्यानंतर कार्यशाळा आणि वेळ उरल्यास टॅक्सीने ॲबीडेल, असे आम्ही ठरवले आहे. परंतु इंजिनाच्या आधी आपल्याला ती नदी पाहायची आहे, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.