मदत हवी आहे: शिडाच्या कयाकसाठी ट्रेलरवर घरगुती आधार

साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला, शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात), कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) न्यायचा आहे. प्लॅस्टिकचा, 14 फुटी, 40 किलोच्या आसपास. डोलकाठी आणि बाजूचे तरंगते आधार सुटे होतात. ट्रेलर छोटा, स्प्रिंगचे पाटे फार कडक.

मागच्या वेळी दोन सपाट लाकडी पट्ट्यांवर सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवला होता. यवतेश्वरचा घाट चढून कासला बांधायचा पट्टा सोडला तर कयाकच्या बुडाला तळहाताएवढा खळगा! कडक ऊन, त्यात पट्टा जरा जास्तच आवळलेला. घरी उन्हात उलटा ठेवल्यावर खळगा बराचसा भरून आला, पण पुन्हा ती जोखीम नको.

आता 18 मिमी मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) बुडाच्या आकारात कापून वर जुना गालिचा लावणार आहे. ट्रेलरला भोकं पाडायची नाहीत, यू-बोल्टच (U आकाराचे, दांड्याला कवेत घेणारे बोल्ट) वापरायचे. बुडाचा वळसा प्लायवर नेमका उतरवायचा कसा? आणि दोन आधारांत अंतर किती ठेवू?