मदत हवी आहे: ‘डे ऑफ ॲबसेन्स’मधली पांढरी रंगभूषा घामात टिकवायची कशी?

डग्लस टर्नर वॉर्ड यांचं १९६५ सालचं उपहासनाट्य. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावातून सगळे कृष्णवर्णीय अचानक गायब होतात. मागे उरलेल्या गोऱ्यांच्या भूमिका कृष्णवर्णीय नटच चेहरा पांढरा रंगवून करतात. गोरे नट चेहरा काळा रंगवून कृष्णवर्णीयांची टिंगल करत, त्या जुन्या मिन्स्ट्रेल खेळांची ही उलटी परतफेड. म्हणून रंग हा रंगच दिसायला हवा, खरा गोरेपणा आणायला गेलं की टोक बोथट झालंच.

पॅनकेक (ओल्या स्पंजने लावायचा वडीतला रंग) घामाने ओघळतो. ग्रीसपेंट (तेलकट रंग) जाड लागला तर हसताना ओठांच्या कडेला चिरतो, पातळ लागला तर गडद कातडीवर राखाडी दिसतो. आधी पीच रंगाचा हलका हात, त्यावर स्पंजने थापून पांढऱ्याचे दोन थर, प्रत्येक थरावर पावडर, एवढं पुरेल का? मान आणि हात रंगवावेत की मुद्दाम तसेच सोडावेत?