मदत हवी आहे : ‘प्रजाती’ म्हणावे की ‘वंश’?

सांगलीतील पक्षिमित्रांच्या भित्तिपत्रकासाठी न उडणाऱ्या बेटवासी पाणकोंबड्यांवर टिपण लिहीत आहे. दक्षिण अटलांटिकमधील इनॲक्सेसिबल बेटावरची, सुमारे ४० ग्रॅम वजनाची पाणकोंबडी १९२३ मध्ये ‘अटलांटिसिया’ या स्वतंत्र वंशात (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) नोंदवली गेली. मात्र २०१८ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून ती दक्षिण अमेरिकेतील उडणाऱ्या पाणकोंबडीची जवळची नातलग ठरली आणि तिला ‘लॅटरॅलस’ वंशात हलवावे, असे सुचवले गेले. आखूड पंख म्हणजे वेगळा वंश नव्हे, हे मला पटते. (कृष्णाकाठची आपली पाणकोंबडीसुद्धा शेपटी झटकत आधी झुडपात पळते, उडते ते नाइलाजानेच.) अडचण परिभाषेची आहे. ‘प्रजाती’ हा शब्द कोणी वंशासाठी वापरतो, कोणी जातीसाठी (species). शाळकरी वाचकांसाठी कोणता शब्द घ्यावा आणि जुने शास्त्रीय नाव सोबत द्यावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.