मदत हवी आहे: वहीत १८४ सभासद, गॅलरीत ४१ माणसं

नमस्कार मंडळी. नागपुरात आमच्या वस्तीचा लहानसा फुटबॉल क्लब आहे. वहीत १८४ सभासद, वर्षाची वर्गणी १०० रुपये. परवा यशवंत स्टेडियमवर आमचा सामना होता. मी स्वतः मोजली, आपली माणसं ४१. कामठीची टीम आली की तिची पोरं अर्धी गॅलरी भरतात, मग आपली काहून येत नाहीत?

जर्मनीतल्या बायर्न म्युनिक या मोठ्या फुटबॉल क्लबचे सभासद ३ लाखांच्या वर, मैदानात जागा ७५ हजार. तिथं जागेअभावी लोक घरी राहतात. इथं जागा रिकामी, तेच जास्त लागतं मनाला. शिवाय जर्मनीत सभासदाला मत असतं, ५०+१ नियमामुळे (म्हणजे निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या क्लबकडे) क्लबचा ताबा सहसा सभासदांकडेच राहतो. आमच्याकडे वर्गणीची पावती दिली की संपलं.

कमिटीतले काही म्हणतात, न येणाऱ्यांची नावं काटा. मला पटत नाही. आमचे एक काका जुने सेंटर फॉरवर्ड, गुडघे गेलेत, पायऱ्या चढवत नाहीत, पण वर्गणी पहिली त्यांचीच.

तुमच्या क्लबात हजेरी कशी नोंदवता? आणि कामाच्या दिवशी दुपारी सामना असला तर माणसं कशी जमवता? कृपया अनुभव सांगा जी.